उजव्या सीटखाली

माझ्या भाच्याने दोन माणसांचं एक छोटं विमान बांधायला घेतलं आहे. शेपटीचा भाग त्याने द्वारकेतल्या आपल्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत बांधला. धड त्या खोलीत मावेना, तेव्हा नजफगढच्या पुढे शेतातलं एक गोदाम भाड्याने घेतलं. मीही द्वारकेतच राहतो, त्याच्या घरापासून दोन सेक्टर सोडून. तीस वर्षं एका विमान कंपनीत देखभालीचा इंजिनिअर होतो. त्यामुळे कुटुंबात माझी जागा ठरलेली आहे. कुणाचा मिक्सर बिघडला तरी मामाला विचारतात. इथे तर विमानच होतं.

हे वेड त्याला लागलं २०१६ साली. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला होता आणि तिथे कॅप्टन अमोल यादव यांचं सहा आसनी विमान ठेवलं होतं. कांदिवलीला चारकोपमध्ये, इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं. भाचा त्या विमानापुढे बराच वेळ उभा राहिला आणि दिल्लीला परत आल्यावर मला म्हणाला, “मामा, सहा माणसांचं गच्चीवर होतं, तर दोन माणसांचं खोलीत का नाही?” यादवांच्या विमानाला नोंदणी मिळाली २०१७मध्ये आणि उड्डाणाची परवानगी २०१९मध्ये. एवढा काळ एखादी गोष्ट धरून ठेवणारी माणसं मला आवडतात. भाचाही तसाच आहे. त्याने परदेशातून किट मागवलं, रिव्हेट मारायला शिकला, आणि गेली काही वर्षं त्याचा एकही रविवार घरी गेलेला नाही. त्याची अकरा वर्षांची मुलगी त्याच्या हाताखाली काम करते. डब्यातून मापाचं रिव्हेट काढून द्यायचं काम तिचं. विमानात डावी सीट वैमानिकाची. उजवी आपली, हे तिने पहिल्याच दिवशी जाहीर केलं आहे.

गेल्या जुलैत त्याचा फोन आला. “मामा, तू फक्त एकदा येऊन बघ. फ्लोअरचं काम झालंय. आता त्यावर म्हैस उभी केलीस तरी हलणार नाही.”

मी द्वारका स्थानकावर ग्रे लाइन पकडली, धांसा बस स्टँडला उतरलो आणि पुढे ई-रिक्षाने गेलो. डोक्यावरून दर दोन-तीन मिनिटांनी एकेक विमान जात होतं. द्वारकेत राहणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. आपण गच्चीवर पापड वाळत घालतो, वरून दीड-दोनशे माणसं जातात, आणि त्यांच्या पायाखालचा पत्रा कुणी लावला, कुणी तपासला, हे त्यांनाही माहीत नसतं आणि आपल्यालाही नाही.

हा पत्रा म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. मराठीत चौथ्या मजल्यावरच्या घरातसुद्धा आपण पाहुण्याला “खाली जमिनीवर कशाला बसता” असं म्हणतो. पायाखाली जे असेल ती आपली जमीन. अशा छोट्या विमानात ही जमीन म्हणजे ॲल्युमिनियमचा पाऊण मिलिमीटरहूनही पातळ पत्रा असतो. त्याच्या एका बाजूला तुमची टाच आणि दुसऱ्या बाजूला हवा. पत्रा एकटा काहीच पेलत नाही. त्याला आडव्या फ्रेम आणि उभे अँगल जोडलेले असतात, आणि सगळे मिळून भार वाटून घेतात. जिथे दोन अँगलमधलं अंतर जास्त असतं तिथे पत्रा वाजतो. तेलाच्या डब्याचा तळ अंगठ्याने दाबला की टक् करून आत जातो आणि सोडला की टक् करून बाहेर येतो, तसा. पायाच्या पेडलपाशी, टाच टेकते तिथे, भाच्याच्या विमानाचा पत्रा असाच वाजत होता.

हा आवाज त्रासदायक असतो. लक्षही द्यावं लागतं, पण त्यानेच कुणाचा जीव गेला असं सहसा होत नाही. भाच्याला मात्र तो सहन होईना. “जिच्यावर माझी पोरगी पाय ठेवणार ती जमीन अशी वाजायला नको,” तो म्हणाला. म्हणून त्याने दोन मिलिमीटर जाडीची एक प्लेट कापली आणि पेडलपासून सीटच्या खालपर्यंत मूळ पत्र्यावर रिव्हेटने बसवली. आमच्या धंद्यात अशा पत्र्यावरच्या पत्र्याला डबलर म्हणतात. काम फार देखणं होतं. रिव्हेटच्या ओळी सुतात होत्या, एकही डोकं तिरकं नव्हतं. मुलीने मोजून ठेवलं होतं, एकशे बारा रिव्हेट. मी टाच आपटली. जमीन हूं की चूं करेना.

मग मी वाकून सीटच्या जागेखाली टॉर्च मारला.

सीटखाली एक भक्कम आडवी फ्रेम आहे. चाकांचे पाय तिला जोडलेले. विमान उतरताना जमिनीचा सगळा दणका आधी तिथे येतो. भाच्याची प्लेट या फ्रेमपर्यंत पोचत नव्हती. चार बोटं अलीकडे संपत होती. तिथे फ्रेमची आपली रिव्हेटची ओळ होती, हत्यार नीट बसत नव्हतं, म्हणून त्याने प्लेट तिथेच सरळ कापली होती.

हे चार बोटांचं अंतर वाईट का, ते समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. जुनं बांधीव पुस्तक हातात घ्या. दोन्हीकडे जाड पुठ्ठे आणि मध्ये कापडाची अरुंद पट्टी. पुस्तक कितीही वेळा उघडा, पुठ्ठा वाकत नाही. सगळं वाकणं त्या पट्टीच्या वाट्याला येतं, आणि पुस्तक फाटतं तेव्हा तिथेच फाटतं. पुठ्ठा जितका जाड, तितकी पट्टी लवकर जाते. भाच्याने फ्लोअरला असंच एक पुठ्ठ्याचं पान जोडलं होतं. आधी दणका आला की सगळा पत्रा थोडा थोडा वाकत होता, आणि म्हणून वाजत होता. आता प्लेटही वाकणार नाही आणि फ्रेमही वाकणार नाही. मधली चार बोटं मात्र प्रत्येक उतरण्याला वाकतील. धातूला असं वाकणं लक्षात राहतं. शंभर वेळा काही होत नाही, पाचशे वेळाही कदाचित नाही, आणि मग एके दिवशी रिव्हेटच्या एखाद्या भोकापासून केसाएवढा तडा निघतो. तो वाजत नाही.

ही चार बोटं उजव्या सीटखाली सर्वांत कमी आधाराची होती. डावीकडे पेडलची एक कडी आडवी जाते, तिचा थोडा टेकू मिळतो.

“छान झालंय ना?” भाच्याने विचारलं.

“चहा पिऊ या आधी,” मी म्हणालो.

त्या चहाच्या वेळात मला जे सुचलं ते तांत्रिक नव्हतं. एखादी गोष्ट आणखी मजबूत करणं, आणखी काळजी घेणं, याला आपण निर्विवाद चांगलं मानतो. कमी करणाऱ्याला जाब विचारतात, जास्त करणाऱ्याला शाबासकी देतात. किटच्या नकाशात बदल करायचा तर नकाशा काढणाऱ्याला विचारावं, हे भाच्याला माहीत होतं. एखादी पट्टी वगळायची असती तर त्याने शंभरदा विचारलं असतं. पण इथे तर तो भर घालत होता. भर घालायला परवानगी कसली? आणि नेमकी तिथेच चूक झाली. भार आपण नाहीसा करू शकत नाही. एका जागी तो पेलला जावा अशी व्यवस्था केली की तो पुढच्या जागी जातो. म्हणून मजबुतीकरणाचा प्रश्न “किती जाड केलं” हा नाही. “इथून काढलेला भार कुठे गेला, आणि तिथे कोण बसलंय” हा आहे.

कुणी म्हणेल, मग सगळंच जाड करा. इमारतीत ते काही अंशी चालतं, विमानात नाही. साध्या छोट्या विमानाचा सांगाडा वजनाच्या ३.८ पट भार सोसेल असा आखतात, आणि त्यावर दीड पट एवढीच सुरक्षेची पुस्ती ठेवतात. त्याहून जास्त ठेवली तर विमान सुरक्षित होत नाही, जड होतं. जड विमान उशिरा उचलतं, सावकाश चढतं, आणि उतरताना त्याच फ्रेमवर जास्त जोराने आदळतं. भीतीपोटी घातलेला प्रत्येक किलो दुसऱ्या कुठल्या तरी सुरक्षिततेतून वजा होतो. त्यामुळे या विद्येत पुण्य साठवून ठेवता येत नाही. पुरेसं कुठे संपतं, ते ठरवावंच लागतं.

विमानाच्या फ्लोअरची एक गोष्ट जगभर अभियांत्रिकीच्या नीतिशास्त्राच्या वर्गात शिकवतात. मला ती उशिरा कळली, पण तेव्हापासून डोक्यातून जात नाही. डीसी-१० हे मोठं प्रवासी विमान. १२ जून १९७२ रोजी अमेरिकन एअरलाइन्सच्या अशा एका विमानाचा मागचा सामानाचा दरवाजा कॅनडातल्या विंडसर शहरावर हवेत उघडला. खालच्या कप्प्यातली हवा क्षणात बाहेर गेली, वर प्रवाशांच्या केबिनमध्ये दाब तसाच राहिला, आणि त्या दाबाने केबिनचं फ्लोअर खाली खचलं. विमानाचं नियंत्रण करणाऱ्या तारा त्याच फ्लोअरमधून जात होत्या. काही तुटल्या, काही उरल्या. वैमानिकाने उरलेल्या तारांवर विमान डेट्रॉइटला उतरवलं. सगळे ६७ जण वाचले.

या विमानाचं धड कॉनव्हेअर नावाची कंपनी मॅकडोनेल डग्लससाठी बनवत असे. तिथला एक वरिष्ठ इंजिनिअर, डॅन ॲपलगेट. त्याने २७ जूनला, म्हणजे पंधरा दिवसांत, आपल्या वरिष्ठांना एक टिपण लिहिलं. त्याचा आशय असा: पुढच्या वीस वर्षांत हे दरवाजे कधी ना कधी उघडणारच, आणि उघडले की बहुधा विमान जाईल. दरवाजावर एकामागून एक तोडगे बसवून उपयोग नाही, खरा दोष फ्लोअर खचण्यात आहे, आणि तो सुधारायला डग्लसला सर्वांत वरच्या पातळीवरून सांगावं. वरिष्ठांनी टिपणातलं तथ्य नाकारलं नाही. पण हे आपण काढलं तर दुरुस्तीचा खर्च आपल्या गळ्यात पडेल, असं उत्तर दिलं. बैठक झाली. टिपण डग्लसकडे गेलं नाही.

३ मार्च १९७४ रोजी टर्किश एअरलाइन्सचं एक डीसी-१० पॅरिसहून लंडनला निघालं. मागचा दरवाजा उघडला, फ्लोअर खचलं, तारा गेल्या. एर्मनोंव्हिलच्या जंगलात ३४६ माणसं मेली. टिपण बाहेर आलं ते नंतरच्या खटल्यांत.

पुढे १९७५मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने मोठ्या प्रवासी विमानांच्या फ्लोअरबद्दल आदेश काढला. त्यात फक्त “जाड करा” असं नव्हतं. फ्लोअर मजबूत करण्याबरोबर त्यात हवेला वरून खाली जाता येईल असे झरोके ठेवणंही आलं. दाबाला वाट मिळाली की त्याला जमीन मोडून जावं लागत नाही.

ॲपलगेट वर्गात नायक म्हणून येतो. त्याने पाहिलं, त्याला समजलं, त्याने लिहिलं. यातलं एकही पाऊल सोपं नाही. तरीही मला एक प्रश्न सुटत नाही. त्या दोन वर्षांत रोज संध्याकाळी घरी जाताना त्याला काय वाटत असेल? मी लिहिलंय, असं? त्याला दोष द्यायला मी हे विचारत नाही. त्याच्या जागी मीही बसलो आहे, म्हणून विचारतो.

१९९०च्या दशकातली गोष्ट. एका विमानाच्या मोठ्या तपासणीत आम्ही गॅलीखालचं फ्लोअर उघडलं होतं. गॅलीखालचे आणि टॉयलेटखालचे बीम गंजतात, हे या धंद्यातलं जुनं दुखणं. वर चहा-कॉफी सांडते, पाणी झिरपतं, आणि ते खाली धातूवर वर्षानुवर्षं बसून राहतं. एका बीमवर खड्डे पडले होते. खोली मोजली, ती पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या आत येत होती. पण एका कोपऱ्यात मोजायचं उपकरण नीट टेकत नव्हतं, आणि तिथला खड्डा मला डोळ्याला जास्त खोल वाटला. मी एक चिठ्ठी लिहून वरिष्ठांकडे दिली. विमान दुसऱ्या दिवशी सकाळी हवं होतं. “आकडा मर्यादेत आहे ना? मग पुढच्या तपासणीत बघू,” ते म्हणाले. त्यात नियमाबाहेरचं काही नव्हतं. मी सही केली.

काही झालं नाही. पुढच्या तपासणीत बीम बदलला गेला आणि विमान आणखी बरीच वर्षं उडालं.

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी ‘नैतिक नशीब’ हा प्रश्न मांडला. दोन माणसं एकच कृती करतात. एकाच्या हातून पुढे अनर्थ घडतो, दुसऱ्याच्या नाही. आपण दोघांना सारखं तोलतो का? तोलत नाही. पण तोलायला हवं का? मी सही केली त्या रात्री जे केलं, ते पुढे बीम टिकला म्हणून बरोबर ठरत नाही. मला बक्षीस मिळालं नाही, शिक्षाही झाली नाही. फक्त उत्तर न देता सुटण्याची सवय लागली.

मराठीत ‘भार’ हा शब्द वजनालाही आहे आणि जबाबदारीलाही. आपण कार्यभार स्वीकारतो, पदभार सोपवतो, दुसऱ्याचा भार हलका करतो, आणि काहीच जमेना की देवावर भार टाकतो. भाषेने हे दोन अर्थ उगाच जोडलेले नाहीत. धोका माहीत असणं हाही एक भार आहे. तो एकट्याने पेलवत नाही, पुढे द्यावाच लागतो. द्यायला हरकत नाही, सांगाडा असाच चालतो. पण तो अशा जागी पोचायला हवा, की जी तो पेलू शकेल आणि ज्या जागेला काही करता येईल. ॲपलगेटचं टिपण कॉनव्हेअरच्या भिंतींच्या आतच संपलं. माझी चिठ्ठी एका टेबलावर संपली. दोन्ही कामं नेटकी होती, आणि दोन्ही फ्रेमच्या चार बोटं अलीकडे थांबली. भार आपल्या अंगावरून गेला एवढं आम्हाला जाणवलं, आणि तो पोचला असं आम्ही समजलो. मधल्या पातळ पत्र्यावर कोण बसलं होतं, ते आम्हाला दिसलं नाही.

चहा संपल्यावर मी भाच्याला प्लेट काढायला सांगितलं. तो चिडला. साहजिक होतं.

“मामा, मी कमकुवत नाही केलंय, मजबूत केलंय.”

मी त्याला पुस्तकाचं उदाहरण दिलं. तो गप्प झाला, मग म्हणाला, “बरं, पण हे विमान उद्या थोडंच उडतंय? परवानगीच्या वेळी तपासतीलच की.”

“तपासतील. पण जे तुला माहीत आहे ते त्यांनी शोधून काढायचं, असा खेळ आहे का हा?”

मग त्याने आणखी एक वाट काढली. अमेरिकेत असं घरी बांधलेलं विमान उडवणाऱ्याने प्रत्येक प्रवाशाला ते प्रायोगिक असल्याचं सांगावं असा नियम आहे, आणि समोर पाटीही असते, की हे हौशी माणसाने बांधलेलं आहे, प्रमाणित विमानांच्या सुरक्षानियमांत हे बसत नाही. “मीही लावतो पाटी,” तो म्हणाला. “बसणाऱ्याने वाचावं आणि ठरवावं. आपलं आपण ठरवायचा हक्क प्रत्येकाला आहे.”

हा युक्तिवाद वरवर टाकण्यासारखा नाही. स्वतःच्या जिवाचा धोका पत्करायचा हक्क मी मानतो. तो नसता तर माणूस उडालाच नसता. भाच्याने डाव्या सीटवर एकट्याने बसून काय करावं, हे त्याचं आहे. पाटीचाही उपयोग आहे. ती खरं बोलते, आणि लपवण्यापेक्षा सांगणं केव्हाही बरं. पण पाटी काय करते, ते पाहा. ती भार उचलून बसणाऱ्याच्या मांडीवर ठेवते. बसणाऱ्याला तो पेलता येतो का? “विमान प्रायोगिक आहे” एवढं वाचून कुणाला सीटखालच्या चार बोटांबद्दल काय कळणार? संमती द्यायची तर कशाला देतो आहोत, ते कळायला हवं. ज्याला एक नेमका दोष ठाऊक आहे त्याने सर्वसाधारण धोक्याच्या पाटीआड उभं राहणं, ही संमती घेणं नव्हे. तोही अलीकडे संपलेला कागदच. न कळलेल्या धोक्यासाठी पाटी लावावी. कळलेल्या धोक्यासाठी हत्यार उचलावं.

आणि इथे तर संमती देणार होती एक अकरा वर्षांची मुलगी. बाप म्हणेल त्याला ती हो म्हणणार. तिचा होकार म्हणजे तिचा निर्णय नाही, तिचा विश्वास आहे. विश्वासाला आपण परवाना समजतो, तेव्हा फार मोठी गल्लत करतो. विश्वास टाकणाऱ्याने तर आपला सगळा भार आधीच आपल्यावर टाकलेला असतो.

ती तिथेच होती, रिव्हेटचा डबा मांडीवर घेऊन. म्हणाली, “मामाआजोबा, एकशे बारा परत काढायचे?”

“हो.”

“मग मी परत मोजते.”

त्या दिवशी आम्ही तिघांनी बसून रिव्हेट काढायला सुरुवात केली. डोक्यावर मधोमध ड्रिल धरायचं, डोकं उडवायचं, दांडा हलकेच ठोकून बाहेर काढायचा. ठोकताना हात थोडा सरकला तरी भोक मोठं होतं. काही झालीच. प्लेट निघाली तेव्हा खालच्या पत्र्याला शंभरावर भोकं होती, त्यांतली काही वाकडी. तो पत्राही आता बदलावा लागणार होता. जास्तीची काळजी मागे घ्यायलाही खर्च येतो, आणि म्हणूनच माणसं ती मागे घेत नाहीत.

काम चालू असताना मी त्याला जे सांगायचं होतं ते सांगितलं. मे महिन्यात त्याने मला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला होता. पत्र्यावर पेनाने प्लेटची आखणी केलेली. ते चार बोटांचं अंतर मला तेव्हाच दिसलं होतं. मी लिहिलं होतं, “छान. शेवटाकडे एकदा डिझायनरला विचारून घे,” आणि खाली अंगठा टाकला होता. त्याने अंगठा पाहिला. मी फोन खिशात ठेवला आणि दोन महिने मला वाटत राहिलं, की आपण सांगितलंय.

भाच्याने ड्रिल थांबवलं. “तुला दिसलं होतं?”

“दिसलं होतं.”

“मग फोन का नाही केलास?”

माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. तुझा उत्साह मोडायला नको, असं वाटलं होतं. थोडं खोलात गेलं तर, फोन केला असता तर यायला लागलं असतं, वाकायला लागलं असतं, आणि मग ते काम माझंही झालं असतं. चिठ्ठी लिहिण्यात ही सोय असते. ती लिहिणाऱ्याला मोकळं करते. तीस वर्षांत कितीतरी जणांना मी ही सोय वापरताना पाहिलं आणि मनातल्या मनात नावं ठेवली. आपल्या घरातल्या मुलीच्या सीटबद्दल लिहितानाही माझं बोट सवयीने त्याच अंगठ्याकडे गेलं.

“ठीक आहे,” तो थोड्या वेळाने म्हणाला. “आता डिझायनरला पत्र लिहू. तू पण सही कर.”

आम्ही लिहिलं. फोटो जोडले, मापं दिली, आपण काय केलं होतं आणि का काढलं, तेही लिहिलं. उत्तर आलं. त्यात प्लेट नव्हतीच. दोन हलके अँगल होते, पेडलपासून निघून थेट सीटखालच्या फ्रेमला जोडलेले. फ्रेमच्या अलीकडे कुठेही न थांबणारे. नवा पत्रा यायला तीन महिने लागले. फ्रेमपाशी हत्यार बसत नव्हतं, तिथे आम्ही एक वाकडं हत्यार करून घेतलं. सगळ्याचं वजन त्या प्लेटच्या निम्म्याहूनही कमी भरलं.

गेल्या महिन्यात मी पुन्हा गेलो होतो. भाचीने, म्हणजे त्याच्या मुलीने, बूट काढून उजव्या बाजूला पाय ठेवला आणि टाच दाबली. पत्रा थोडासा वाजला. पूर्वीपेक्षा खूप कमी, पण वाजला.

“अजून वाजतंय,” ती म्हणाली.

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकलो, टॉर्च मारला, अँगल फ्रेमला जिथे मिळतो तिथवर बोट फिरवलं. मग तिलाही वाकायला सांगितलं आणि तिचं बोट धरून तिथे नेलं.